कडा सरकली, आता काय करायचे?



मागच्या उपकारस्तुतीच्या सणासाठी आपल्यातल्याच एका मंडळीने आमच्या नवापूरच्या शिवण केंद्राकडे क्वायरसाठी ४० स्टोल मागवले होते. पांढरे सॅटिन, दोन्ही टोकांना जांभळ्या द्राक्षांचा घड आणि शेजारी गव्हाची ओंबी. २६ स्टोल छान उतरले. २७व्या स्टोलचे पहिले टोकही छान झाले. दुसऱ्या टोकावर मात्र द्राक्षे जागच्या जागी आणि त्यांच्याभोवतीची गडद कडा दोन मिलिमीटर उजवीकडे व जराशी खाली, अशी पडली. घडाच्या शेजारी घडाची सावली पडावी तसे दिसत होते.

ही गोष्ट मी नंतर एका महिला मंडळाच्या सभेत सांगितली, तेव्हा तीन-चार भगिनींनी एकच प्रश्न विचारला: "भाऊ, मशीन तर कॉम्प्युटरवर चालते ना? मग चुकते कसे?" प्रश्न रास्त आहे. शिवाय आपल्यापैकी काही मंडळ्या आपापल्या भागातल्या बचत गटांना अशी मशिने देण्याचा विचार करत आहेत, म्हणून या अंकात जरा तपशिलाने लिहितो. मी काही तंत्रज्ञ नव्हे. ईश्वरविद्येच्या पदविकेत आम्हाला ग्रीक धातू चालवायला शिकवले, दोऱ्याचा ताण नाही. जे कळते ते सुरतेहून आलेल्या एका कारागिराने दाखवले म्हणून, आणि बरेचसे कापड वाया घालवल्यावर कळले आहे.

आधी मशीन काय करते ते पाहू. घरच्या शिलाई मशीनवर आपण कापड पुढे सरकवतो. एम्ब्रॉयडरी मशीनवर सुई एकाच जागी वरखाली होते आणि कापड हलते. कापड एका रिंगमध्ये ताणून बसवलेले असते, रिंग दोन दांड्यांवर अडकवलेली असते, आणि दोन मोटारी त्या दांड्यांना डावीउजवीकडे व पुढेमागे नेतात. डिझाइनची फाइल म्हणजे चित्र नव्हे. ती एक लांबलचक यादी आहे: इतके उजवीकडे, इतके पुढे, टाका घाल. इतके डावीकडे, टाका घाल. सर्रास वापरल्या जाणाऱ्या डीएसटी प्रकारच्या फाइलमध्ये सर्वांत लहान पाऊल एक दशांश मिलिमीटरचे असते आणि सर्वांत मोठे १२.१ मिलिमीटरचे. रंग कोणता, हेसुद्धा त्या फाइलमध्ये नसते. कुठे थांबून दोरा बदलायचा एवढेच असते. आमच्या द्राक्षांच्या घडात सुमारे १४,००० टाके होते. मिनिटाला ६५० टाक्यांच्या वेगाने दोरे बदलण्याचा वेळ धरून एका टोकाला अर्धा तास लागायचा.

यात एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे डोळा. आमच्यासारख्या साध्या मशीनला कापड दिसत नाही. ते आपली पावले मोजते आणि मोजणीवर विश्वास ठेवते. मध्ये कापड रिंगमध्ये घसरले, रिंग दांडीवरून अर्धवट सुटली किंवा कोणाचा कोपर फ्रेमला लागला, तरी मशीनच्या हिशेबात सगळे बरोबरच असते. दोरा तुटला तर ते थांबते, कारण दोऱ्यासाठी त्याला सेन्सर दिलेला आहे. कापड सरकले तर थांबत नाही. पुढचे हजारो टाके ते अगदी नेमकेपणाने चुकीच्या जागी घालते. म्हणून मशीनजवळ बसलेल्या मुलीचे मुख्य काम बघण्याचे आहे, बटण दाबण्याचे त्याच्या नंतर येते.

कडा सरकलेली दिसली की पहिले काम मशीन थांबवणे. दुसरे काम काहीही न करणे. हे ऐकायला सोपे वाटते, पण घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो: रिंग काढतो, स्क्रू सैल करतो, कापड हातात घेऊन उजेडात पाहतो. कापड रिंगमधून सुटले की परत त्याच जागी, त्याच ताणाने बसवणे जवळजवळ अशक्य असते. एका धाग्याचा तिरपेपणाही कडेत दिसतो. मागची बाजू पाहण्यासाठी रिंग दांड्यांवरून काढावी लागली तर चालते, कारण ती परत त्याच खाचेत बसते. कापड मात्र रिंगमधून सोडायचे नाही. मशीनही बंद करायचे नाही. पडद्यावरचा टाक्याचा आकडा आधी वहीत लिहायचा.

मग चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखायचे. इथे घाई केली तर पुढचे सगळे श्रम फुकट जातात. आमच्या अनुभवात चुका तीन जातींच्या असतात: कापड रिंगमध्ये सरकले, फ्रेम आपली मोजणी चुकली, किंवा काहीच सरकले नाही आणि टाक्यांनीच कापड ओढून घेतले. तिन्ही वरून सारख्याच दिसतात, उपाय मात्र वेगवेगळे आहेत.

ओळखण्यासाठी आम्ही आता दोन खुणा करतो, दोन्ही टेलरच्या खडूच्या. पहिली खूण म्हणजे काम सुरू करण्याआधी सुई जिथे उभी आहे त्या आरंभबिंदूवर कापडावर बारीक फुली. दुसरी म्हणजे रिंगच्या आतल्या कडेला लागून चारही बाजूंना कापडावर छोटी रेघ. गडबड झाली की मशीनला आरंभबिंदूवर परत जायला सांगायचे आणि दोन्ही खुणा पाहायच्या. सुई फुलीवर आली नाही आणि खडूची रेघ रिंगच्या कडेपासून दूर गेली आहे, तर कापड सरकले. सुई फुलीवर आली नाही पण रेघ कडेला चिकटूनच आहे, तर फ्रेम चुकली. आधी रिंग दांडीच्या खाचेत पूर्ण बसली आहे का ते पाहावे, मग फ्रेम कशाला आपटली का ते पाहावे, आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर पट्टा सैल झाला आहे का ते कारागिराकडून तपासून घ्यावे. सुई बरोबर फुलीवर आली आणि रेघही जागेवर आहे, तर काहीच सरकलेले नाही. दोष डिझाइनमध्ये किंवा खाली लावलेल्या पेपरमध्ये आहे.

ही तिसरी जात नवख्या माणसाला फार फसवते, म्हणून थोडे थांबतो. दाट भरलेले टाके कापडाला दोन्ही बाजूंनी आत ओढतात. गोल भरायला घ्यावा आणि अंड्यासारखा व्हावा, हे त्यामुळे होते. डिझाइन तयार करणारा जाणकार असेल तर तो ही ओढ धरून भरणी मुद्दाम थोडी रुंद आखतो आणि प्रत्येक फळ भरून झाल्यावर लगेच त्याची कडा घालतो. नवखा माणूस आधी सगळी फळे भरतो आणि शेवटी सगळ्या कडा घालतो. तोवर कापड कितीतरी ओढले गेलेले असते. अशी चूक प्रत्येक नगावर त्याच जागी येते आणि हळूहळू वाढते. कापड सरकण्याची चूक एकदाच, एकाएकी येते आणि तिथून पुढचे सगळे सारखेच हललेले असते. पाचव्या आणि सहाव्या स्टोलवर एकाच द्राक्षाशी एकाच बाजूला फट दिसली तर मुलीला बोल लावू नये, डिझाइन परत पाठवावे.

आता दुरुस्ती. समजा कापड एकदाच सरकले आहे आणि कडेचे काम नुकतेच सुरू झाले होते. चुकीच्या कडेचे टाके उसवायचे, आणि ते मागच्या बाजूने. मागे सॅटिन टाक्याच्या मधोमध बॉबिनच्या दोऱ्याची पांढरी पट्टी दिसते. ताण बरोबर असेल तर ती टाक्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असते. ती पट्टी रिपरने थोडी थोडी कापत जायचे. दहा-वीस टाके कापले की उलटून पुढून वरचा दोरा चिमट्याने उचलायचा. पुढून कापायला गेलात तर एखाद्या वेळी खालची द्राक्षेही कापली जातात. उसवल्यावर सुईची भोके दिसतात. सॅटिनवर नखाने हलकेच घासले आणि वाफ दिली तर बरीचशी मिटतात. रेक्झिन आणि चामड्यावर मिटत नाहीत, तिथे हा मार्ग सोडून द्यावा.

मग मशीनला टाक्याटाक्याने मागे न्यायचे, कडेचा पहिला टाका जिथे आहे तिथपर्यंत. बहुतेक मशिनांत न शिवता नुसती फ्रेम पुढेमागे नेण्याची सोय असते. आम्ही त्याला कोरडे चालवणे म्हणतो. सुईतून दोरा काढून टाकावा. मशीनचे हाताने फिरवायचे चाक हळू फिरवून सुई खाली आणावी, टोक कापडाला टेकेल न टेकेल इतकीच. टोक द्राक्षाच्या काठावर यायला हवे. समजा ते दोन मिलिमीटर बाजूला आहे. चाक फिरवून सुई परत पूर्ण वर घ्यावी. आमच्या मशीनवर चाकाजवळच्या गोल पट्टीवर अंश लिहिले आहेत, आणि १०० अंशावर सुई सुरक्षित वर असते. सुई कापडात असताना फ्रेम हलवली तर सुई मोडते, आणि मोडलेला तुकडा खाली फिरणाऱ्या हुकात अडकला तर मोठा खर्च निघतो. सुई वर आल्यावर बाणांच्या कळांनी फ्रेम थोडी हलवायची, परत चाक, परत टोक. तीन-चार वेळा केले की जमते. यानंतर काही मशिने विचारतात की हलवलेल्या नव्या जागेवरून सुरू करायचे की जुन्या जागी परत जायचे. इथे चुकीचे उत्तर दाबले तर सगळी मेहनत पुसली जाते. कोणत्या कळेचा काय अर्थ, ते आपल्या मशीनच्या पुस्तिकेतून कागदावर उतरवून भिंतीवर लावावे. आम्ही लावले आहे, मराठीत आणि मुलींच्या मावचीत.

एक बिंदू जुळला म्हणून दोरा ओवायचा नाही. हे मला त्या कारागिराने दोनदा बजावले. कोरडे चालवत घडाच्या अगदी विरुद्ध टोकाला जायचे आणि तिथेही सुईचे टोक पाहायचे. दोन्ही ठिकाणी जुळले तर कापड नुसते सरकले होते, आणि बाणांनी ते सुधारले. पहिल्या ठिकाणी जुळले आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तर कापड फिरले आहे किंवा ताणले गेले आहे. मग बाणांचा उपयोग नाही. बाण फ्रेमला बाजूला नेऊ शकतात, तिरपे झालेले सरळ करू शकत नाहीत. अशा वेळी थांबावे आणि हाताने काय करता येईल ते पाहावे. दोन्ही ठिकाणी जुळले असेल, तर पहिल्या टाक्याच्या तीन-चार टाके मागून सुरुवात करावी म्हणजे दोऱ्याचे टोक दाबले जाते. वेग अर्धा ठेवावा, आणि पहिल्या शंभर टाक्यांत हात लाल बटणापाशी असावा.

फट अर्धा-एक मिलिमीटरचीच असेल तर उसवण्याची गरजही नसते. त्याच रंगाच्या दोऱ्याने हाताने दोन-चार टाके घालून ती बुजवता येते. आमच्या मुलींचा हात यात माझ्या कल्पनेपलीकडे चांगला आहे. बाजारात त्याच रंगाच्या पेनाने फट रंगवण्याची युक्तीही चालते. आम्ही ती करत नाही. दोन धुण्यांत रंग जातो, आणि मग ज्याच्या गळ्यात स्टोल आहे त्याला ते दिसते.

वीज गेली तर काय, हाही प्रश्न येतो. आमच्याकडे वीज जाते, आणि बरेचदा जाते. बहुतेक मशिने कितव्या टाक्यावर होतो ते लक्षात ठेवतात. पण वीज नसताना मोटारी फ्रेमला धरून ठेवत नाहीत. ती हाताने सहज सरकते. केंद्रात लहान मुले असतील तर ती सरकतेच! ज्या मशिनांवर सुरुवातीला फ्रेमचे मूळ स्थान नोंदवून ठेवण्याची सोय आहे, तिथे ते रोज सकाळी नोंदवावे, म्हणजे वीज आल्यावर मशीन ते शोधून परत आपल्या जागी येऊ शकते. नसेल तर वीज गेल्याक्षणी फ्रेमला कोणीही हात लावायचा नाही, एवढाच उपाय. मशीन भेट देण्याचा विचार करणाऱ्या मंडळ्यांना माझी विनंती आहे की थोडे लहान मशीन द्या, पण सोबत यूपीएस द्या. आणि पेपर द्या. कापडाखाली लावायचा न विणलेला पेपर, ज्याला आम्ही नुसते "पेपर" म्हणतो, तो स्वस्त वाटतो आणि म्हणूनच सगळ्यात आधी संपतो. संपला की मुली जुन्या साडीचा तुकडा लावतात, आणि कडा सरकायला लागते.

आता २७व्या स्टोलकडे येतो. मी त्या दिवशी वसतिगृहाच्या कामासाठी नंदुरबारला गेलो होतो. संध्याकाळी आलो तेव्हा स्टोल मशीनवरून उतरलेला, घडी करून इतरांच्या खाली ठेवलेला. कारण सापडायला वेळ लागला नाही. स्टोलचे दुसरे टोक टेबलावरून खाली लोंबत होते आणि स्टँडच्या बोल्टमध्ये अडकले होते. तिथे तेलाचा डाग होता आणि सॅटिनचा एक धागा ओढला गेला होता. फ्रेम पलीकडे गेली तेव्हा कापडाला हिसका बसला, आणि गुळगुळीत सॅटिन रिंगमधून दोन मिलिमीटर घसरले. लांब कापड नेहमी टेबलावर गोळा करून चिमट्याने धरावे, ते वजनाने लोंबू देऊ नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली तर सॅटिन कमी घसरते, हेही नंतर कळले.

पण एक गोष्ट मला समजेना. कडेचे काम ११,००० टाक्यांच्या थोडे पुढे सुरू होते. पहिल्या वीस-पंचवीस टाक्यांतच डोळ्याला दिसायला हवे होते. तिथे थांबवले असते तर वर लिहिलेली सगळी दुरुस्ती तासाभरात झाली असती. मशीन मात्र शेवटच्या टाक्यापर्यंत चालले होते. मशीनवर होती ती मुलगी आमच्याकडची सगळ्यात सावध मुलगी. मी तिला विचारले, "तुला दिसलं नव्हतं का?"

"दिसलं होतं, भाऊ."

"मग थांबवलं का नाहीस?"

ती बराच वेळ दोरे आवरत राहिली. मग म्हणाली, "थांबवलं असतं तर वहीत माझं नाव लागलं असतं. पूर्ण झालं की मशीनचं नाव लागतं."

ती वही माझी होती. नियमही माझाच होता. केंद्र सुरू झाले तेव्हा कापड आपल्या देणग्यांतून आले होते आणि प्रत्येक मीटरचा हिशेब मला समितीला द्यावा लागायचा. म्हणून मी रकाने आखले: नग क्रमांक, थांबवल्याची वेळ, थांबवणाऱ्याचे नाव, कारण. नग खराब झाला तर कापडाच्या किमतीचा काही भाग त्या मुलीच्या मजुरीतून वजा. मला ते शिस्तीचे वाटले होते, आणि आपल्या दानाशी प्रामाणिक राहिल्यासारखेही वाटले होते. प्रत्यक्षात त्या वहीने मुलींना एकच धडा दिला: लाल बटण दाबणारी ती दोषी. मशीन आंधळे आहे म्हणून मी मुलींना डोळे उघडे ठेवायला सांगत होतो, आणि डोळ्यांना दिसलेले बोलून दाखवण्याचा दंड घेत होतो.

या मुलीचे घरचे दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. ती गेली दोन वर्षे गेलेली नाही, कारण केंद्राच्या मजुरीवर तिचे आणि धाकट्या भावाच्या शाळेचे भागते. वजा होणारी रक्कम आपल्याला किरकोळ वाटेल. तिच्यासाठी तो आठवड्याचा किराणा होता. त्या जागी मी असतो तर मीही मशीन चालूच ठेवले असते, असे मला वाटते.

आम्ही नियम बदलला. आता वहीत नाव नाही. टाक्याचा आकडा, काय दिसले आणि काय केले, एवढेच रकाने आहेत. दुरुस्तीत गेलेल्या वेळेची मजुरी मिळते. नग वाचला नाही तरी वेळेवर थांबवला असेल तर काहीही वजा होत नाही. पहिल्याच महिन्यात "थांबवले" या नोंदी चौपट झाल्या, आणि आमच्या समितीतले एक वडीलधारे बंधू ते पाहून चांगलेच नाराज झाले. त्यांच्या मते काम बिघडू लागले आहे. माझ्या मते ते आधीही इतकेच बिघडत होते, आता फक्त लिहिले जाते. त्यांचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही: विनाकारण थांबवण्यातही वेळ जातो, आणि पैसा शेवटी आपण दिलेलाच असतो. येत्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत हा नियम प्रयोग म्हणून चालू ठेवायचा आणि वाया गेलेल्या नगांची संख्या त्या बंधूंनीच मोजायची, असे ठरले आहे. मोजणी त्यांच्याकडे दिली हे मला बरे वाटले.

वहीतल्या नोंदी मात्र मी आता आवडीने वाचतो. एकीने लिहिले आहे: "४३१२. आवाज बदलला. सुई बोथट. बदलली." दुसरीने: "पेपर सुटला. थांबवलं. काही झालं नाही." हे शेवटचे वाक्य आमच्या जुन्या वहीत कधीच लिहिले गेले नसते, कारण काही झालेच नाही तर नाव कोण लावून घेणार?

पुढच्या सणांसाठी स्टोल, वेदीवरची कापडे किंवा शाळेचे बिल्ले मागवताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात ही विनंती. डिझाइन निवडताना भरणीभोवती अगदी बारीक कडा टाळा. तीन मिलिमीटर रुंद सॅटिन कडा थोडीशी सरक पोटात घेते, एका ओळीची बारीक कडा काहीच लपवत नाही. आणि मागणी सणाच्या निदान सहा आठवडे आधी कळवा. शेवटच्या आठवड्यात आलेल्या मागणीवर लाल बटण दाबायला कोणाचेच धाडस होत नाही, माझेही नाही.

२७वा स्टोल मशीनवर परत चढवता आला नाही, कारण मी पोहोचलो तोवर कापड रिंगमधून सुटले होते. त्याच मुलीने सगळी कडा उसवली आणि दोन दुपारी बसून ती हाताने भरली. ज्या मंडळीसाठी स्टोल होते तिथल्या पाळकसाहेबांना मी फोन करून सगळे सांगितले आणि दुसरा स्टोल करून देण्याची तयारी दाखवली. ते म्हणाले, चाळीसही तसेच पाठवा. त्यामुळे तो आपल्या क्वायरमध्ये कोणाच्या तरी गळ्यात आहे. पुढून ओळखता येणार नाही. पण एका टोकाचे अस्तर उचलून घडाच्या मागे पाहिलेत आणि कडेवर बॉबिनची पांढरी पट्टी दिसली नाही, तर तो तुमच्याकडे आहे.